शाळेत मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांचं सॉफ्टवेअर) बसवलं त्याचा अनुभव (जरा लांब आहे)

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, पाचवी ते दहावी. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी अशी बरीच पोरं, वडील पॉवरलूमवर, आई विड्या वळते. लॉकडाऊनपासून व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास टाकायची सवय लागली ती राहिलीच, एकाच ग्रुपवर सगळ्या विषयांचे फोटो, त्यात लोकांचे गुड मॉर्निंग, कोणी अभ्यास केला कोणी नाही काही पत्ता नाही. त्यात हेडसरांना प्रत्येक मीटिंगला परितेवाडी आठवते, डिसले सरांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या झेडपी शाळेतून, मग आपण का नाही? मी विज्ञान शिकवतो, पण प्रिंटर अडकला तरी मलाच हाक मारतात, त्यामुळे ऑनलाइन अभ्यासाची नीट सोय करायचं हे कामही माझ्याच गळ्यात पडलं.

गूगल क्लासरूम आधी बघितलं. सोपं आहे, वाईट काहीच नाही. पण मला प्रश्नपेढी हवी होती, म्हणजे प्रश्न एकदा भरून ठेवले की शेजारी बसलेल्या दोन पोरांना वेगवेगळे प्रश्न आले पाहिजेत. मूडलमध्ये ते आहे आणि सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स, २००२ पासून चालू. फुकट म्हणजे डोमेन-होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचे आणि जागेचे पैसे लागतातच, ते माजी विद्यार्थ्यांनी दिले.

बसवणं फार अवघड नाही. मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची max_input_vars नावाची एक सेटिंग ५००० पर्यंत वाढवायला सांगतं, आणि फाइल अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी असते ती पण वाढवून घ्यायची, नाहीतर मोबाइलवर स्कॅन केलेली पीडीएफ चढतच नाही. मूडलडेटा नावाचं, चढवलेल्या फाइली जिथे राहतात ते फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेर ठेवायचं. एवढं सांभाळलं की झालं.

खरं काम पोरांची खाती काढण्यात. सगळी नावं एका सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविराम टाकून केलेली साधी यादी) एकदम चढवता येतात, पण एक्सेलमधून साधं सीएसव्ही सेव्ह केलं की देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, त्यातलं यूटीएफ-८ वालं, म्हणजे देवनागरी नीट साठवणारं निवडायचं. युजरनेम म्हणून जनरल रजिस्टर नंबर दिला, नावं नकोच, आमच्याकडे तेलुगू आडनावांची स्पेलिंगं आधारवर एक, दाखल्यावर दुसरी. ईमेल कुणालाच नाही आणि मूडल तो मागतंच, मग शाळेच्याच डोमेनवरचे पत्ते नंबरवरून तयार करून टाकले.

पासवर्डची गंमत वेगळीच. मूडलला मुळात आठ अक्षरं, त्यात एक कॅपिटल, एक स्मॉल, एक आकडा आणि एक चिन्ह असा पासवर्ड लागतो. सहावीच्या पोराने वडिलांच्या तडा गेलेल्या स्क्रीनवर हे टाइप करायचं! तो नियम सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन सैल केला, आणि पासवर्ड विसरला तर बदलून द्यायचा अधिकार वर्गशिक्षकांना दिला, नाहीतर रात्री साडेनऊला मला फोन, "ओ सर, आत जाईना की."

वडिलांचा फोन म्हटलं की आणखी एक. घरात स्मार्टफोन एक आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात. शिफ्ट सुटून घरी आल्यावर पोरांच्या हातात पडणार, म्हणून संध्याकाळी पाचची मुदत आमच्याकडे चालतच नाही. आम्ही चाचणी आठवडाभर उघडी ठेवतो, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात तर मुदतीचं नावच काढत नाही. मोबाइल अ‍ॅपमध्ये धडा डाउनलोड करून नंतर नेट नसताना वाचता येतो हे पालक सभेत सांगितलं तेव्हा लोक जरा सावरून बसले, तोवर सगळ्यांना वाटत होतं की आता रिचार्ज वाढणार. एका दहावीच्या पोरीने ते सगळं तेलुगूत परत सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

स्टाफरूमचं काय? सुरुवातीला कुणालाच नको होतं, आणि मला त्यांचा राग येत नाही. सरकारी पोर्टलांवर माहिती भरायची असतेच, यू-डायस भरा, सरल भरा, त्यात हे अजून एक लॉगिन. माझ्या स्लाइड बघून कुणी हललं नाही. इतिहासाच्या मॅडमनी एकच विचारलं, "ह्यात पेपर तपासून मिळतात का?" मिळतात, बहुपर्यायी असले तर. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच प्रश्न टाकायला बसल्या. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, शिक्षकांना पीडीएफ चढवायला शिकवून सुरुवात करू नका, आधी क्विझ दाखवा.

पण मराठीत एका शब्दाचं उत्तर टाइप करायला लावू नका. मूडल अक्षर न् अक्षर जुळवून बघतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं किंवा अनुस्वार राहिला की शून्य, आणि पोरगं म्हणतं सर बरोबर तर लिहिलंय. चालतील अशी सगळी रूपं आधीच भरून ठेवता येतात, पण भरणार किती? मराठीच्या सरांनी त्यासाठी निबंधवाला प्रकार घेतला, ते हातानेच तपासतात.

संगणक लॅबमध्ये अख्खा वर्ग एकदम स्टार्ट दाबतो तेव्हा आमचं स्वस्तातलं होस्टिंग धापा टाकतं, म्हणून आता रांगेरांगेने सुरू करतो.

जूनमध्ये नवीन वर्ग आला की कोर्सचा बॅकअप घेऊन मग रीसेट मारायचा, जुन्या पोरांचे प्रयत्न आणि मार्क जातात, प्रश्न तसेच राहतात. आठवी, नववीचं विज्ञान आणि इतिहास नीट चालू आहे. गणिताचे सर अजून फळ्यावरच आहेत, समीकरणं टाइप करायला वेळ जातो म्हणतात आणि ते खरंही आहे.