ही तार नव्हे

सहलीत माझं मुख्य काम मोजणीचं. त्या दुपारी मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात, सांतो दोमिंगो मठातल्या संग्रहालयाबाहेर बावीसऐवजी एकवीसच भरले. कोल्हापूरचे सोनारकाका गायब.

सकाळी मोन्ते आल्बान झालं होतं. इ.स.पू. ५०० च्या सुमारास झापोतेक या तिथल्या मूळ लोकांनी खोऱ्यापासून चारेकशे मीटर उंचीवर, डोंगरमाथा सपाट करून वसवलेलं शहर. तिथलं सात नंबरचं थडगं पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी जानेवारी १९३२ मध्ये उघडलं. बांधलेलं झापोतेकांनी, पण आतलं सोनं मिश्तेकांचं, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या लोकांचं. शहर ओस पडल्यावर काही शतकांनी त्यांनी आपली मोठी माणसं त्याच थडग्यात ठेवली. "म्हणजे रीसेल फ्लॅट," एक काकू म्हणाल्या. मी इतकी वर्षं सांगतेय, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

धावत आत गेले. काका त्याच थडग्यातल्या दागिन्यांसमोर, डोळ्याला भिंग लावून काचेला नाक टेकवून उभे. शेजारी वैतागलेला रखवालदार. मी त्याची माफी मागतेय तोच काका म्हणाले, "पोरी, मघाशी तू तारकाम म्हणालीस. ही तार न्हवं. तार ओढून बसवली असती तर कुठंतरी जोडाची झाळ दिसली असती. हे सगळं ओतीव हाय."

मी स्थानिक गाइडला फोन लावला. काकांचंच खरं निघालं. माती आणि कोळशाच्या गाभ्यावर मेणाचे दोरे बसवायचे, वरून पुन्हा मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. दिसते ती तार म्हणजे मेणाच्या दोऱ्याचा ठसा. गेली चार वर्षं मी प्रत्येक ग्रुपला ठोकून चुकीचं सांगत आले होते.

"आणि भट्टीला भाता?" काकांचा पुढचा प्रश्न.

मी तो फोनवर विचारला. भाता नव्हता, माणसं नळीनं फुंकायची, असं उत्तर आलं.

"फुंकणी!" काका एकदम खुलले. त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि गाल फुगवून, बोटांत नसलेली फुंकणी धरून, रखवालदाराला सोनं कसं तापवायचं ते दाखवायला लागले. नाकातून श्वास घेताना गाल रिकामे होऊ द्यायचे नाहीत, हे त्याला दोनदा करून दाखवलं. त्यानेही गाल फुगवून पाहिले.

बाहेर आमची बस हॉर्न वाजवत होती.