तुम्ही विचारलंत म्हणून: भांगेनं पाठांतर वाढतं का?

महाशिवरात्र झाली की हा प्रश्न येतोच. कधी बारावीच्या मुलाकडून, कधी रंकाळ्यावर भेटलेल्या पालकांकडून. "मॅडम, भांगेसारखं काहीतरी मेंदूतच असतं म्हणे. मग थोडी घेतली तर पाठांतर सुधारत असेल की?"

मेंदूत असतं, हे खरं. 1992 साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या गटाला तसा रेणू सापडला आणि त्यांनी आपल्या 'आनंद' या शब्दावरून त्याचं नाव ॲनँडामाइड ठेवलं. वर्गात हे सांगताना मला अजूनही भरून येतं.

पाठांतराचं मात्र उलट आहे. चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते, एवढं पुस्तकात असतं. असे रेणू उलट्या दिशेनं जातात. निरोप घेणारी पेशी ते गरज पडेल तेव्हाच तयार करते आणि देणारीला सांगते, "बास, जरा दमानं घे." हे ऐकणारे सीबी-1 ग्राही हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडतात तिथं, दाटीनं असतात. काम झालं की विकरं त्या रेणूचे तुकडे करतात. जागाही नेमकी, वेळही नेमकी. भांगेतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, जाईल तिथं हे ग्राही चाळवतं, तेही तासन्‌तास. मग नुकतं वाचलेलं मुरतच नाही.

पण मला सांगायचंय ते भीतीबद्दल. 2002 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आवाज झाला की उंदरांच्या पायाला विजेचा झटका. सीबी-1 नसलेले उंदीरही ही भीती इतरांइतकीच शिकले. झटके थांबल्यावर मात्र नुसता आवाज पुन्हापुन्हा ऐकूनही त्यांची भीती लवकर उतरेना. भीती उतरते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही, 'आता धोका नाही' हे नव्यानं शिकावं लागतं. त्या शिकण्यालाही हीच यंत्रणा लागते.

2021 च्या जुलैत शाहूपुरीतल्या आमच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं. पुढचे दोन पावसाळे सासूबाई रात्री सर वाढली की उठायच्या आणि उंबऱ्यावर बॅटरी मारून बघायच्या. आता धो धो पावसातही त्या शांत झोपतात. पाणी कुठवर आलं होतं विचारलं, तर भिंतीवर अचूक बोट ठेवतात.