सोनारही तोच, लोहारही तोच

सोनाराचे शंभर घाव आणि लोहाराचा एक, असं म्हणताना ही दोन वेगळी माणसं आहेत हे आपण धरूनच चालतो. एक गादीवर बसून फुंकणीने हलकेच फुंकर घालणारा, दुसरा भात्यापुढे घामाघूम. म्हणून स्टॉकहोमच्या आडोल्फ सेतेलियुसची गोष्ट वाचताना मला मजा आली. जन्म १७८१चा. बाप पेर सेतेलियुस राजधानीतला नामांकित चांदीकाम करणारा, आणि मुलाने तोच धंदा पुढे चालवला. इथवर सगळं रीतसर. मग १८२९ साली या माणसाने टोरशेला गावाजवळ न्यूबी इथे लोखंडाचा कारखाना काढला. घावांचा हिशेब एकाच खात्यावर!

बापाच्या काळातल्या चांदीच्या कॉफीच्या किटल्यांवर माझा जीव आहे. प्रत्यक्ष नव्हे, छायाचित्रांतल्या. आपली पोच तेवढीच. नासपतीसारखं पोट, अंगभर पिळदार रेषा, धरायला काळ्या लाकडाची मूठ, कारण चांदी तापली की हात पोळतो. यातली खरी गंमत अशी की १७५६ ते १८२३ या काळात स्वीडनच्या राज्यकर्त्यांनी कॉफीवर पुन्हा पुन्हा बंदी आणली. परदेशी चैनीपायी पैसा देशाबाहेर जातो, हे कारण. बंदी यायची, उठायची, परत यायची. चांदीकाम करणाऱ्यांच्या किटल्या मात्र घडतच होत्या. हुकूम कागदावर आणि किटली टेबलावर, ही व्यवस्था आपल्याला काही समजावून सांगायला नको.

अशी एखादी किटली उलटी करून तळ पाहिला, तर भांड्याची कुंडलीच सापडते. कारागिराचा स्वतःचा छाप. स्टॉकहोमसाठी संत एरिकचं मुकुट घातलेलं डोकं. सरकारी तपासणी झाल्याची खूण म्हणून तीन मुकुट. आणि सालासाठी एक अक्षर. ही अक्षरमाला १७५९ पासून देशभर एकच झाली. चोवीस अक्षरं संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात, फक्त शेजारी पुढचा आकडा. त्यामुळे न्यूबीचा कारखाना निघाला त्या वर्षीच्या स्वीडिश चांदीवर ‘वाय ३’ सापडतं. कस ठरलेला: सोळा भागांत सव्वातेरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे शेकडा ८३च्या आसपास. बाकी तांबं. ‘घरचंच दुकान आहे, डोळे मिटून घ्या’ असं म्हणणाऱ्या सोनारांच्या गिऱ्हाइकांना हे वाचून हेवा वाटेल.

चांदी सोडून लोखंडाकडे जाणं म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने घसरणच. ‘चांगलं चांदीचं काम सोडून हे काय डोहाळे,’ असं एखाद्या मावशीने नक्की म्हटलं असतं. स्वीडनमध्ये गणित उलटं होतं. चांदीकाम करणारा कितीही नावाजलेला असला तरी अखेर शहरातला कारागीर. लोखंडाच्या कारखान्याचा मालक म्हणजे गावचा राजा. ओढ्यावर बंधारा, त्या पाण्यावर उचलला जाऊन आदळणारा घण, कोळशासाठी जंगल, कामगारांच्या एकसारख्या घरांची रांग आणि या सगळ्यांकडे तोंड करून मालकाचा वाडा. कामगाराचं घर मालकाचं, तो सामान घेतो ते दुकानही बऱ्याचदा मालकाचंच. देशाची मोठी कमाई लोखंडाच्या निर्यातीतून येत होती. चांदी मिरवायला, लोखंड कमवायला.

पण मला वाटतं, आडोल्फसाहेबांना नव्या धंद्यात फारसं परकं वाटलं नसणार. कारण लोखंडालाही छाप होतेच. प्रत्येक स्वीडिश कारखान्याची खूण ठरलेली, ती गरम कांबीवर ठोकायची. कमअस्सल माल बाजूला काढायला वजनकाट्यापाशी तपासनीस. उत्तम प्रतीच्या कांबी समुद्रापार इंग्लंडमधल्या शेफील्डला जात, तिथे त्यांचं पोलाद होई आणि पोलादाचे उस्तरे, सुऱ्या, कानशी. ल्योव्स्ताच्या लोखंडावर वर्तुळात ‘एल’, ओस्टरबीच्या लोखंडावर शेजारी शेजारी दोन गोल. शेफील्डचे व्यापारी या खुणांच्या नावानेच माल मागत आणि तशी चढी किंमत मोजत. दोन्ही कारखाने दान्नेमोराच्या खाणीचं खनिज वापरत. ते चांगलं आहे हे दूरच्या गिऱ्हाइकाला सांगायला खूण पुरे होती. किटलीच्या तळाला असतो तसाच हा विश्वास, फक्त मणांवर विकायचा.

आपल्याकडे भांड्यावर ठोकतात ते मालकाचं नाव. स्टीलच्या दुकानात यंत्राची टोकदार सुई थरथरायला लागते, दातांत शिरशिरी येते आणि ठिपक्याठिपक्यांनी ‘चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ’ उमटतं, खाली तारीख. भांडं कसल्या धातूचं, कुणी घडवलं, याची चौकशी नाही. शेजारी गेलेली वाटी परत यावी, एवढीच अपेक्षा. (येत नाही. आमच्या मांडणीत तीन अनोळखी मुलांच्या मुंजी सुखाने नांदताहेत.)

सेतेलियुस घराण्याचं नाव सुराहम्मरच्या कारखान्याशीही जोडलेलं आहे. तिथे १८६६ पासून रेल्वेची चाकं होऊ लागली. चाकांना डबे हवेत, म्हणून त्याच कारखान्याच्या पुढाकाराने १८९१ मध्ये सोदेर्तेल्येला वॅबिस ही डबे बांधणारी कंपनी निघाली. ती पुढे मोटारींकडे वळली आणि १९११ साली माल्मोच्या स्कॅनियात मिसळली. नागपुरात २०१४ साली इथेनॉलवरची हिरवी बस धावायला लागली होती, ती स्कॅनियाचीच. तिच्यातून जाणाऱ्या नागपूरकराला कॉफीच्या किटल्या घडवणाऱ्या घराण्याची आठवण यावी अशी अपेक्षा अर्थातच नव्हती. ऊन तसलं असताना कुणाला काय सुचणार?

न्यूबी मात्र अजून टोरशेलाजवळच आहे आणि तिथे आज स्टेनलेस स्टीलचे पत्रे लाटतात. म्हणजे किटल्या-चमच्यांच्याच गोत्रातला धातू. पत्र्याला हीट नंबर असतो. तो कोणत्या भट्टीच्या कोणत्या ओतातला, त्यात क्रोमियम किती, निकेल किती, सगळं त्यावरून कळतं. पुढे त्याचे तुकडे कापून, दाबून भांडी झाली की तो आकडा गेला. गिऱ्हाईक दुकानात येतं, वाटी बोटाने वाजवून बघतं, आणि विचारतं, “नाव घालून किती वेळात मिळेल?”