गुडघ्यामागचा ठोका

ठाण्यातल्या तलावपाळीची एक फेरी पुरी व्हायच्या आत डावी पोटरी आखडायची. कठड्याला टेकून दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी. घरच्यांनी निदान केलं, सायटिका. मीही तीन महिने तेल चोळत बसलो. मग एका सकाळी पायाची दोन बोटं निळी दिसली. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी गुडघ्यामागे बोटं टेकवली आणि म्हणाले, "काका, इथं एवढा जोराचा ठोका लागायला नको."

डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, तिथली धमनी २८ मिलीमीटर फुगलेली निघाली. एरवी ती एक सेंटीमीटरच्या आतच असते. सर्जन म्हणाले, हा फुगा क्वचितच फुटतो, पण आत रक्त साकळतं, गुठळीचे कण पावलात उतरतात आणि एखाद दिवशी वाटच बंद होते. जवळपास निम्म्या लोकांना दुसऱ्या पायातही असतो, शिवाय पोटातली महाधमनीही तपासावी लागते. माझं तिथलं सगळं ठीक होतं.

पायातलीच शीर वापरून बायपास करणं जास्त टिकाऊ. पण माझ्या त्या शिरा व्हेरिकोजच्या ऑपरेशनात केव्हाच गेलेल्या! म्हणून स्टेंट-ग्राफ्ट, धमनीच्या आतून बसवायची नळी. निटिनॉल या लवचीक मिश्रधातूची जाळी आणि तिला टेफ्लॉनच्या जातीचं अस्तर. नुसत्या जाळीतून रक्त फुग्यात जातच राहतं. अस्तरामुळे ते नळीतूनच वाहतं.

विमा कंपनीचा प्रश्न: स्टेंट एवढा महाग कसा? २०१७ साली सरकारनं घातलेली दरमर्यादा हृदयाच्या स्टेंटची, पायाच्या नव्हे, हे मला, म्हणजे निवृत्त हेडक्लार्कला, त्यांना लेखी कळवावं लागलं.

कॅथलॅबमध्ये भूल फक्त जांघेत, मी टक्क जागा. धमनी फोटोत दिसावी म्हणून डाय सोडला की पाय कोमट पाण्यात बुडवल्यासारखा वाटे. शेवटी गुडघा वाकवून पुन्हा फोटो काढले, नळी दुमडत नाही ना हे बघायला. त्यानंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहणं, हेच सगळ्यात अवघड गेलं.

आता अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त साकळू न देणाऱ्या गोळ्या. दात काढायचा झाला तरी सर्जनना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. ठरल्या वेळी डॉपलर. उकिडवं बसायचं नाही, त्यामुळे गणपतीच्या पंगतीत सगळे पाटावर आणि मी एकटा खुर्चीवर, व्याह्यासारखा.

तलावपाळीच्या दोन फेऱ्या होतात. तिसरीला गुडघा कुरकुरतो, पण ते खातं वेगळ्या डॉक्टरांकडे आहे.