तुम्ही विचारलंत म्हणून: टॅरंटुला सुटला तर मांजराचं काय?

"डॉक्टर, पोरानं काचंच्या पेटीत मोठा कोळी पाळलाय. सुटून मांजराला चावला तर मरंल का ओ?"

राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, कुठून ना कुठून हा प्रश्न हल्ली माझ्या दवाखान्यात येतोच. माझी बरीच वर्षं म्हशींच्या गोठ्यात गेली, पण घरातल्या मांजरासाठी जीव टांगणीला लागलेला माणूस समोर बसला की त्याला नीट उत्तर मिळालंच पाहिजे, असं मला वाटतं.

मी आधी विचारतो, कोळी कुठल्या जातीचा? कारण नुसतं 'टॅरंटुला' म्हणून काही कळत नाही. जगात त्याच्या हजाराहून जास्त जाती आहेत. काही जण तर भिंतीवरच्या चपट्या, लांब पायांच्या कोळ्याचा फोटो दाखवतात. तो आपल्या घरांत नेहमीचाच, झुरळं खाणारा. त्याला राहू द्या, मांजरालाही त्याची भीती नाही.

पाळायला सहसा आणतात ते अमेरिका खंडातले. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा, चिलीचा गुलाबी छटेचा. यांचा चावा बहुतेक वेळा गांधीलमाशीच्या डंखाएवढा. त्यांचं खरं हत्यार पोटावरचे बारीक काटेरी केस. डिवचलं की कोळी मागच्या पायांनी ते उडवतो. आणि मांजर काय करतं? नाक पुढं करून हुंगतं, पंजा मारतं, मग तोच पंजा चाटतं. म्हणजे केस डोळ्यांत, नाकात आणि तोंडात. लाळ गळते, शिंका येतात, डोळा लाल होऊन मिटतो. इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका माणसाच्या डोळ्यात चिलीच्या कोळ्याची पेटी साफ करताना असेच केस गेले होते. त्याचा डोळा दुखत राहिला आणि भिंगाखाली बुबुळात रुतलेले केस दिसले. ही नोंद 2009 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. माणूस निदान सांगू तरी शकतो. मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पंज्यानं डोळा चोळत राहतं, त्यानं केस आणखी आत जातात.

आशिया, आफ्रिकेतले आणि ऑस्ट्रेलियातले टॅरंटुला वेगळे. त्यांना हे केस नसतात. ते चपळ असतात, लवकर चिडतात आणि चावतात. भारत आणि श्रीलंकेतल्या झाडांवर राहणाऱ्या, अंगावर सुंदर नक्षी असलेल्या पिसिलोथेरियाच्या चाव्यानं माणसाच्याही स्नायूंत पेटके येतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2003 साली तिथल्या टॅरंटुलांच्या चाव्यांच्या नोंदी मांडल्या. माणसांना त्रास किरकोळच झाला, पण चावलेले सातही कुत्रे मेले. माणसाला सोसलं म्हणजे जनावराला सोसेलच असं नाही, हे मी त्यातून घेतलं. मांजराचं वजन चार किलो. त्याच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही. या विषावर वेगळं प्रतिविष मिळत नाही. सापाचं इंजेक्शन इथं चालत नाही, दिसेल त्या लक्षणावर उपचार करायचे.

पण कोळ्यापेक्षा मला जास्त धास्ती असते ती घरातल्यांच्या घाईची. कोळी दिसला की झुरळांचा स्प्रे मारला जातो. अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिनसारखी द्रव्यं असतात. मांजराच्या यकृताला ती नीट निकामी करता येत नाहीत. अंगावर पडली, चाटून पोटात गेली की थरथर आणि झटके. दुसरी घाई म्हणजे, 'दुखत असेल बिचारीला' म्हणून दिलेली पॅरासिटामॉल. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. रक्तातून ऑक्सिजन वाहणं बिघडतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. प्रेमापोटी दिलेली गोळी आहे हो ती, म्हणूनच मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

कोळी सुटला तर पहिल्यांदा मांजराला दुसऱ्या खोलीत घालून दार लावा. मग रात्री टॉर्च घेऊन कपाटामागं, धुण्याच्या ढिगात, पडद्याच्या घडीत बघा. तो अंधार आणि अडचण शोधतो. दिसला की वरून डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवा. झाडू मारू नका. केस उडतात, आणि उंचावरून पडला तर त्याचं नाजूक पोट फुटतं. तोही जीवच आहे, आणि या झटापटीत बहुधा तोच मरतो.

मांजराच्या डोळ्यात काही गेलंय असं वाटलं तर स्वच्छ कोमट पाण्याची धार सोडा, चोळू नका, पंजे ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच घेऊन या. घरातले ड्रॉप घालू नका. चावल्याची शंका असेल तर सकाळची वाट बघू नका. येताना कोळ्याचा फोटो आणि जातीचं नाव आणा.

हे नाव घरी कागदावर असायलाच हवं. लाल गुडघ्यांचा टॅरंटुला आणि पिसिलोथेरिया, दोन्ही आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहेत. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांप्रमाणे अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते.

"मग मांजराच्या घरात ठेवायचा का नाही?" अमेरिकेतला, जमिनीवर राहणारा असेल, पेटीला कुलूप असेल आणि त्या खोलीत मांजराला मज्जाव असेल, तर ठेवा. झाकण नुसतं टेकवलेलं नको. मांजर काचेवर चढून बसणारच. पिसिलोथेरिया मात्र मांजराच्या घरात नको, असं माझं स्पष्ट मत आहे.