"मस्त झालंय"ने फिगर सुधरत नाही

सध्या टेबलावर रंगवायला घेतलेली एका सैनिकाची छोटी मूर्ती (फिगर) उभी आहे, १/३५ मापाची, म्हणजे खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, सैनिक मराठा लाइट इन्फंट्रीचा, इटली, जुलै १९४४. नाईक यशवंत घाडगेंना ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती १० जुलै १९४४ ची, टायबरच्या खोऱ्यातली, म्हणून तोच काळ धरलाय. माणूस अख्खा पाच सेंटीमीटर, डोकं जेमतेम सहा-सात मिलिमीटर, आणि त्यात चेहरा करायचाय.

फोटो टाकला की दहातले नऊ जण "मस्त, एक नंबर" म्हणतात. छान वाटतं, पण पुढे काय करायचं ते त्यातून काहीच कळत नाही. मग मी प्रश्नच बदलला. "कसा वाटतोय" असं विचारायचंच नाही, "हनुवटीखालची सावली पुरेशी आहे का" असं विचारायचं, म्हणजे लोक खरंच झूम करून बघतात. फोटो दिवसाच्या उजेडात, मागे साधा राखाडी कागद, फिल्टर बंद, आणि सोबत तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून. रंग काढून टाकला की कॉन्ट्रास्ट आहे का नाही ते लगेच उघडं पडतं, कारण रंग डोळ्याला फार फसवतात.

सगळ्यात कामाचा फीडबॅक आला तो त्वचेवर. बाटलीतला तयार फ्लेश, म्हणजे कातडीचा रंग, हा बहुतेक वेळा गोरा गुलाबी युरोपियन, त्यात नुसता ब्राऊन ढकलला तर माणूस लाकडाचा दिसतो. एका सीनियर काकांनी सांगितलं, बेस, म्हणजे खालचा थर, लालसर गडद तपकिरी ठेव आणि हायलाइटला, म्हणजे उजळ भागांना, पांढरा अजिबात घेऊ नकोस, पिवळट ऑकर (मातकट पिवळा) घे, पांढऱ्याने आपली कातडी राखेसारखी दिसते. खालच्या ओठाला अन् नाकाच्या शेंड्याला किंचित लाल, जबड्यावर निळसर करड्याचा अगदी पाणीदार ग्लेझ (पातळ पारदर्शक थर), झाली दाढीची खुंटं. आणि डोळ्यात पांढरे ठिपके नकोत, हेल्मेटच्या कडेची सावली पडते तिथे, एक गडद रेघ बास. हे सगळं साध्या १ नंबरच्या चांगल्या टोकाच्या ब्रशने होतं, ट्रिपल झिरोच्या अगदी बारीक ब्रशवर रंग फिगरपर्यंत पोचायच्या आतच वाळतो!

पण सगळंच ऐकायचं नसतं. दोघातिघांनी आग्रह धरला की बूट फार स्वच्छ आहेत, चिखल लाव. अरे पण जुलै आहे ना, इटलीतला उन्हाळा, तिथे धूळ हवी, फिकट, मातकट, गुडघ्यापर्यंत, आणि खाकी ड्रिल (गणवेशाचं जाड सुती कापड) धुऊन धुऊन रंग उडालेली. फीडबॅक देणाऱ्याला तारीख माहीत नसेल तर तो सवयीने चिखलच सांगणार, त्याचं चुकलं असंही नाही. म्हणून आता फोटोखाली महिना आणि ठिकाण आधीच लिहितो.

मॅट वार्निशचा स्प्रे मात्र पाऊस उघडल्यावरच मारणार, दमट हवेत वर पांढरट थर धरला तर आख्खी मेहनत गेली. (ब्रशने लाव म्हणणारेही आहेत, बघू.)

आणि चिखलवाल्यांनी नाराज होऊ नये, पुढची फिगर मराठा लाइट इन्फंट्रीच्याच शिपाई नामदेव जाधवांची आहे, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, चार-पाच फूट पाण्यातून जखमींना उचलून आणलेलं. तिथे चिखल किती आणि ओला कपडा कुठपर्यंत गडद करायचा, सांगा.