ढगातली रिकामी जागा

गारांच्या ढगातील हवा रडारला दिसत नाही. त्याला दिसतात ते थेंब आणि गारा, आणि त्यांच्या हालचालीवरून हवा कशी वाहते आहे हे आपण ताडायचे असते. हे वाक्य मी नवशिक्यांना इतक्यांदा ऐकवले आहे की, फेब्रुवारीतील त्या दुपारी ते नेमके मलाच आठवू नये याची आजही लाज वाटते.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाडा आणि विदर्भातील शिवारे झोपवली, त्यानंतर काही वर्षांनी मी नागपूरच्या एस-बँड (सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या) डॉप्लर रडारच्या, म्हणजे थेंबांचा वेगही मोजणाऱ्या रडारच्या, नोंदी अभ्यासत होतो. त्या दिवशी साडेतीनच्या सुमारास काटोलच्या बाजूला, रडारपासून साधारण 50 किलोमीटरवर, एक ढग झपाट्याने वाढू लागला. पडद्यावर परावर्तनीयतेचा, म्हणजे थेंब-गारांवरून परतणाऱ्या लहरींच्या जोराचा, गाभा 58 डीबीझेडपर्यंत (हे त्या जोराचे माप) पोहोचला आणि स्वाभाविकपणे माझी नजर त्या लालभडक ठिपक्यावर खिळली. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी मात्र पाच अंशांच्या फेरीचे, म्हणजे किरण तेवढा वर कलवून चहूकडे फिरवल्यावर मिळणारे, चित्र उघडायला सांगितले. त्या अंतरावर तो किरण जमिनीपासून साडेचार किलोमीटर उंचीवरून जातो. "लाल काय बघता, त्याच्या खालची पोकळी बघा," त्या म्हणाल्या.

खरोखरच, सात किलोमीटरवरील दाट गाभ्याच्या बरोबर खाली, भोवतालच्या पावसाने वेढलेली एक फिकट जागा होती. तिथे हवा इतक्या वेगाने वर चढत असते की थेंबांना मोठे व्हायला सवडच मिळत नाही. ते वाढतात तोवर कितीतरी वर गेलेले असतात. म्हणजे ढगाचे सर्वांत जोरकस स्थान रडारच्या चित्रात सर्वांत रिकामे दिसते.

पण वेग किती, हा प्रश्न उरतोच. डॉप्लर रडार मोजते ते फक्त किरणाच्या रेषेत आपल्याकडे येणे किंवा आपल्यापासून दूर जाणे. पाच अंशांनी कललेल्या किरणात सेकंदाला 20 मीटरचा उभा प्रवाह दोन मीटरही भरत नाही. दोन रडारांनी एकच ढग वेगवेगळ्या कोनांतून पाहिला, तर हवेचे वस्तुमान कायम राहते या नियमाच्या आधारे उभा वेग काढता येतो. आमच्याकडे त्या जागी एकच रडार होते. म्हणून आम्ही ढगाच्या माथ्याकडे वळलो. वर चढलेली हवा माथ्यावर अडते आणि चहूकडे पसरते, आणि ते पसरणे आडवे असल्यामुळे रडारला बऱ्यापैकी मोजता येते.

इथेच मी चुकलो. तेरा अंशांच्या फेरीत, साडेअकरा किलोमीटर उंचीवर, एका पट्ट्यात सेकंदाला अधिक 12 मीटर, म्हणजे दूर जाणारा वेग दिसत होता, त्याच्या अलीकडे उणे 13 आणि ढगाच्या पलीकडच्या कडेला उणे 5, म्हणजे आमच्याकडे येणारा. त्या पट्ट्यातली आणि पलीकडच्या कडेची हवा एकमेकींकडे येत असल्यासारखे ते चित्र पाहून मी माथा खचतो आहे असे मानले आणि वहीत तसे लिहूनही टाकले. दहा सेंटिमीटरची तरंगलांबी आणि सेकंदाला 640 स्पंद (रडारने सोडलेले लहरींचे झटके) असतील, तर सेकंदाला 16 मीटरपलीकडच्या वेगाची घडी पडते आणि तो 32 मीटरने चुकून, बऱ्याचदा उलट्या चिन्हाने, उमटतो. हिवाळ्याच्या अखेरीस त्या उंचीवर पश्चिमेचे जोरदार वारे असतात आणि ढग आमच्या पश्चिमेलाच होता; तिथे हवा आमच्यापासून दूर जाईलच कशी, एवढा साधा विचार पुरला असता. घडी उलगडल्यावर अधिक 12 चे उणे 20 झाले आणि उणे 13 चे उणे 45. पलीकडच्या कडेचे उणे 5 तसेच राहिले. म्हणजे दहा किलोमीटरच्या आत 40 मीटरचा फरक! हवा सगळीकडे सारखीच पसरते असे धरून हिशेब केला, तेव्हा खालून येणारा प्रवाह सेकंदाला 20 ते 25 मीटर निघाला.

या हिशेबात सगळ्या कोनांची एक पूर्ण फेरी निघून गेली. अशा फेऱ्या दहा मिनिटांच्या अंतराने होत्या, आणि सेकंदाला 20 मीटरने चढणारी हवा तेवढ्या वेळात 12 किलोमीटर जाते. दोन चित्रांच्या मधल्या काळात तळाची हवा माथ्यावर पोहोचलेली असते. पुढच्या चित्रात पोकळी भरून गेली होती आणि गाभा खाली सरकला होता.

काटोलजवळ संत्र्याची बाग असलेल्या मावसभावाला मी फोन लावला. पत्र्याच्या आवाजातून तो ओरडला, "दादा, कोनी गोटे फेकून राह्यलं असं वाटते!" पाऊस ओसरल्यावर त्याने नाण्याशेजारी ठेवलेल्या गारांचे फोटो पाठवले. बहुतेक बोराएवढ्या होत्या, साधारण अडीच सेंटिमीटरच्या, म्हणजे आमच्या प्रवाहाला पेलतील अशाच. एक त्याने विळ्याने कापली होती. आत पांढुरके आणि पारदर्शक थर होते. गार अनेकदा वरखाली फेऱ्या मारते म्हणून थर पडतात, हे शाळेतले स्पष्टीकरण मला फारसे पटत नाही. बहुतेक गारा प्रवाहातून एकदाच तिरप्या जातात, आणि वाटेत अतिशीत पाणी, म्हणजे शून्य अंशाखालीही न गोठलेले थेंब, किती मिळते व ते किती लवकर गोठते यावर थराचा रंग ठरतो.

आंबिया बहाराची फुले गळून गेली होती. त्याने विचारले, "तुले दिसलं होतं का?" मी म्हटले, पोकळी दिसली होती, पण माथा वाचायला दहा मिनिटे उशीर झाला. वहीतील ती चुकीची नोंद मी खोडलेली नाही. शेजारी घडी उलगडल्यानंतरचे आकडे लिहिले आहेत.